रूपक, पात्र, स्वगत: नाट्यसंज्ञा आल्या कुठून?

शाळेत ‘रूपक’ भेटतं ते अलंकार म्हणून. उपमेय आणि उपमान एकच आहेत असं सांगितलं की रूपक, एवढी व्याख्या पाठ होते. पण जुन्या नाट्यग्रंथांत ‘रूपक’ म्हणजे चक्क नाटक! हे दोन अर्थ एकत्र कसे आले, याचं उत्तर दहाव्या शतकातल्या धनंजयाने ‘दशरूपक’ या ग्रंथात एका शब्दात दिलंय: समारोप. आज आपण समारोप म्हणतो तो कार्यक्रमाच्या शेवटाला. तिथे अर्थ आहे आरोप करणं, एकावर दुसऱ्याचं रूप चढवणं. नटावर रामाचं रूप चढवलं की नाटक होतं, आणि मुखावर कमळाचं रूप चढवून ‘मुखकमल’ म्हटलं की अलंकार. हे एकदा कळलं की व्याख्या पाठ करावीच लागत नाही.

नाटक आणि अलंकार यांचं घर पहिल्यापासून एकच होतं. भरतमुनीच्या ‘नाट्यशास्त्र’ या ग्रंथाचा काळ साधारणपणे इ.स.पू. 200 ते इ.स. 200 मानतात. त्यात अलंकार फक्त 4 आहेत: उपमा, रूपक, दीपक आणि यमक. पुढे अलंकारांची संख्या शंभरावर गेली, पण सुरुवात झाली ती नटाच्या तोंडच्या वाक्यांसाठी.

मला स्वतःला सगळ्यात आवडतो तो ‘पात्र’ हा शब्द. पात्र म्हणजे भांडं, आणि पात्र म्हणजे नाटकातली व्यक्ती. इ.स. 1000च्या आसपास काश्मीरमध्ये अभिनवगुप्ताने नाट्यशास्त्रावर ‘अभिनवभारती’ ही टीका, म्हणजे भाष्य, लिहिली. तो म्हणतो, मद्याची चव प्याल्याला कळत नाही, ती पिणाऱ्याला कळते. प्याला फक्त ते ओठांपर्यंत पोचवतो. नटही तसाच, म्हणून तो पात्र. रस चाखायचा तो प्रेक्षकाने. भरताने 8 रस सांगितले होते. नववा शांतरस पुढच्या काळात धरला गेला आणि त्याची सर्वांत जोरकस बाजू अभिनवगुप्तानेच मांडली.

‘अभिनय’ शब्दातही हेच पोचवणं आहे. नी म्हणजे नेणं, अभि म्हणजे कडे. अर्थ प्रेक्षकाकडे नेतो तो अभिनय. गोष्टीला फळापर्यंत नेतो तो नायक. दोन्ही शब्द एकाच धातूचे.

‘स्वगत’ मात्र नुसता कल्पनेतून आलेला शब्द नाही, रंगमंचावरच्या अडचणीतून आलेला आहे. पात्र मनातलं बोलतं ते प्रेक्षकांना तर ऐकू गेलंच पाहिजे, पण शेजारी उभ्या असलेल्या दुसऱ्या पात्राला ऐकू गेलं नाही असं मानायचं. मग कोणाला ऐकू येतं यावरून बोलण्याचे प्रकार पाडले. सगळ्यांना ऐकू येतं ते प्रकाश, कोणालाच नाही ते स्वगत. मंचावर तिघं-चौघं असताना दोघांनीच आपापसात बोलायचं ते जनान्तिक. त्यासाठी नट हाताची ‘त्रिपताका’ करायचा: अनामिका वाकवायची, बाकीची बोटं सरळ, आणि तो हात आडोशासारखा धरायचा. तेवढ्या खुणेवर प्रेक्षक समजून घेत.

‘अंक’ संस्कृत नाटकातला जुना शब्द. अंकाचे ‘प्रवेश’ पाडायची पद्धत मात्र इंग्रजी नाटकांच्या ओळखीतून आली. संस्कृत संहितेत ‘ततः प्रविशति’, म्हणजे ‘नंतर अमुक प्रवेश करतो’ अशी सूचना असे. विभागाचं नाव म्हणून प्रवेश नव्हता.

‘संवाद’ लिहून ठेवायचे असतात हेही मराठीत उशिराच ठरलं. 1843 साली सांगलीला विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ केलं, तेव्हा पद्यं सूत्रधार गात होता आणि पात्रं आयत्या वेळी सुचेल तसं बोलत होती. 1861 साली वि. ज. कीर्तने यांचं ‘थोरले माधवराव पेशवे’ आलं, तेव्हा भाषणं लिहिलेली, छापलेली होती. अशा नाटकांना लोक ‘बुकिश’ म्हणू लागले.

हे नाटक नायकाच्या मृत्यूपाशी जातं. नायकाचा वध मंचावर दाखवू नये, असा संस्कृत नाटकाचा दंडक होता. त्यामुळे अशा नाटकासाठी जुना शब्द हाताशी नव्हता. तो घडवावा लागला. तो म्हणजे इंग्रजी ‘ट्रॅजेडी’साठीचा ‘शोकांतिका’. शब्द छान आहे, पण थोडा फसवा, आणि शिकवताना हे आवर्जून सांगावं. ज्याचा अंत शोकात ती शोकांतिका, असं तो शब्द सांगतो. पण इ.स.पू. चौथ्या शतकात ॲरिस्टॉटलने या प्रकाराची चर्चा केली, तेव्हा युरिपिडीसच्या अशा एका नाटकाचीही स्तुती केली, ज्यात बहीण अजाणता भावाचा बळी देणार असते, पण वेळेवर ओळख पटते आणि दोघं सुखरूप सुटतात. ग्रीकांच्या हिशेबी तीही शोकांतिकाच. ‘ट्रॅजेडी’च्या मूळ ग्रीक शब्दात शोकही नाही आणि अंतही नाही. त्याचा शब्दशः अर्थ आहे ‘बोकडाचं गाणं’.