पंखे ढग पळवतात म्हणे

पावसाळ्यातला रविवार आला की निम्मं पुणं थोसेघरचा धबधबा बघायला जातं आणि तसंच पुढे चाळकेवाडीच्या पठारावर, पवनचक्क्यांखाली फोटो काढायला. आपल्याला तो व्ह्यू. पण सातारा-सांगलीकडच्या दुष्काळी गावांत २००२ नंतर बऱ्याच लोकांचं ठाम मत झालं होतं की हे पंखे ढग पळवतात म्हणून पाऊस पडत नाही. आपण शहाणे पुणेकर त्यावर हसलो.

आता ढग पठारावर टेकतात अन पात्यांमधून वाहत जातात, हे डोळ्यांनी दिसतंच की! पण पाऊस पाडणारा ढग काही हजार मीटर जाड असतो आणि पात्याचं टोक जमिनीपासून फार तर शे-दीडशे मीटरवर. शिवाय पातं समोरच्या वाऱ्यातली जास्तीत जास्त ५९.३ टक्केच ऊर्जा काढू शकतं, हे आल्बर्ट बेट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने शंभरेक वर्षांपूर्वीच गणिताने दाखवलं, कारण सगळीच ऊर्जा काढली तर हवा पात्यामागे तुंबून बसेल आणि पुढची येणारच नाही. आणि २००२ साली पाऊस देशभरातच सरासरीपेक्षा १९ टक्के कमी होता, एकही पंखा नसलेल्या जिल्ह्यांतसुद्धा. ढगांचं पाणी पूर्वेकडच्या गावांच्या आधी काढून घेणारा खरा गडी सह्याद्री. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलीमीटरच्या वर, पुण्यात जेमतेम सात-आठशे.

पंख्यांचा हवेवर काहीच परिणाम नाही असंही नाही हं. रात्री जमिनीलगतची हवा गार आणि वरची उबदार असते, पाती ती घुसळतात, त्यामुळे खालच्या रात्री किंचित उबदार होतात. टेक्सासमध्ये उपग्रहाच्या मोजमापांतून हे दिसलंय, २०१२ साली.

म्हणजे ढगांची गोष्ट चूक. पण राग? भीमाशंकर अभयारण्याजवळ, आपल्याच पुणे जिल्ह्यात, पवनऊर्जा प्रकल्प आला त्याबद्दल माधव गाडगीळांच्या समितीचा २०११ चा अहवाल वाचा. शेकरूच्या जंगलात डोंगर कापून केलेले रस्ते, त्याने सुटलेले उतार, राडारोडा खालच्या शेतांत. वीज शहराला, दरड गावाला. अशा वेळी माणूस ढगांबद्दल बोलत असला तरी त्याला सांगायचं असतं की आम्हाला कुणी विचारलं नाही, आणि त्यावर आपण त्याला हवामानशास्त्र शिकवायला बसतो.

नेदरलँड्सचे संशोधक मार्टेन वोल्सिंक वर्षानुवर्षं हेच मांडतायत, की विरोधाला 'माझ्या दारात नको' असा स्वार्थ म्हणून मोडीत काढू नका, निर्णय कसा झाला ते बघा. कोपनहेगनच्या समुद्रात मिडलग्रुंडनला २००० साली २० पंखे उभे राहिले त्यातली निम्मी मालकी सहकारी संस्थेची, हजारो साध्या लोकांचे शेअर्स. सहकार म्हटल्यावर साखर कारखान्यांच्या महाराष्ट्राला हे नवीन वाटायला नको, पण पवनचक्कीत आपण ते फारसं केलं नाही.

आणि गावाला हसण्याआधी आमच्या सोसायटीची मीटिंग आठवते. गच्चीवर सोलर बसवायचं तर 'पॅनलने वरचा मजला तापेल' म्हणून केवढा गोंधळ! प्रत्यक्षात पॅनलची सावली पडून स्लॅब कमी तापतो. हे सांगितलं, कुणी ऐकलं नाही. शेवटी वरच्या मजल्यावरच्या काकूंना कुणीतरी नीट विचारलं तेव्हा कळलं, त्यांना पापड वाळवायला उन्हाची जागा हवी होती. पूर्वेचा कोपरा मोकळा सोडला, ठराव पास.