रिस्पॉन्सिव्ह मांडणी आणि सिमँटिक एचटीएमएल

पडद्याच्या रुंदीनुसार वेबपानाची रचना आपोआप बदलणे म्हणजे रिस्पॉन्सिव्ह मांडणी, आणि मजकुराचा प्रत्येक भाग त्याच्या अर्थाला साजेशा टॅगमध्ये (एचटीएमएल या वेबपान लिहिण्याच्या भाषेतील खुणेत) लिहिणे म्हणजे सिमँटिक एचटीएमएल. नवशिक्यांना हे दोन वेगळे धडे म्हणून शिकवले जातात; प्रत्यक्षात दोहोंचा पाया एकच, तो म्हणजे मजकुराचा क्रम. अरुंद फोनवर पानाचे रकाने एकाखाली एक येतात आणि स्क्रीन रीडरही (पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा प्रोग्राम) पान वरून खाली क्रमाने वाचत जातो, त्यामुळे सीएसएस (पानाचे रंग, आकार व मांडणी ठरवणारे नियम) पूर्ण काढून टाकल्यावरही जे पान सलग वाचता येते, त्याचे दोन्हीकडचे निम्मे काम आधीच झालेले असते.

‘रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाइन’ ही संज्ञा वेब डिझायनर ईथन मार्कॉट यांनी मे २०१० मधील एका लेखात मांडली. लवचीक रकाने, चौकटीत मावणारी चित्रे आणि मीडिया क्वेरी (पडद्याच्या रुंदीप्रमाणे वेगळे नियम लावण्याची सोय) ही तिची तीन अंगे होत. हेडर (शीर्षभाग), नॅव्ह (दिशादर्शक दुवे), मेन (मुख्य मजकूर), आर्टिकल (लेख) यांसारखे टॅग एचटीएमएल ५ बरोबर आले. ही आवृत्ती २०१४ मध्ये प्रमाणित झाली.

समजा, एखाद्या विद्यार्थ्याने गावच्या वाचनालयाचे पान केले आहे. सगळे भाग डिव्हमध्ये (स्वतःचा अर्थ नसलेल्या साध्या चौकटीच्या टॅगमध्ये) आहेत, मुख्य चौकटीची रुंदी १२०० पिक्सेलवर बांधलेली आहे आणि ‘पुस्तक मागवा’ हे बटणही रंगवलेला डिव्हच आहे. माऊसने ते चालते, पण टॅब कळ त्यावर थांबत नाही, म्हणजे कीबोर्डवर काम करणाऱ्या वाचकासाठी ते बटण अस्तित्वातच नाही. तिथे खरा बटन टॅग घातला की ही उणीव एकही ओळ जावास्क्रिप्ट न लिहिता भरून निघते. मथळेही अक्षरांच्या आकारासाठी नव्हे, तर विषयाच्या पातळीनुसार द्यावेत, कारण एनव्हीडीए या स्क्रीन रीडरमध्ये ‘एच’ कळ दाबून वाचक एका मथळ्यावरून थेट दुसऱ्या मथळ्यावर जातो.

त्यानंतर मांडणीकडे वळावे. व्ह्यूपोर्टचा मेटा टॅग (पान पडद्याच्याच रुंदीचे धरावे असे ब्राउझरला सांगणारी ओळ) नसेल, तर बहुतेक मोबाइल ब्राउझर पान सुमारे ९८० पिक्सेल रुंद धरून आक्रसतात आणि अक्षरे बारीक होतात. तो टॅग घालून ‘विड्थ’च्या (ठरावीक रुंदी) जागी ‘मॅक्स-विड्थ’ (जास्तीत जास्त रुंदी) लिहावी, आधी फोनची मांडणी करावी आणि मोठ्या पडद्यासाठी रकाने मागाहून वाढवावेत. २०१७ मध्ये प्रमुख ब्राउझरांत आलेल्या ग्रिडमुळे (सीएसएसमधील रकाने व ओळी आखण्याची पद्धत) हे सोपे झाले. मात्र ग्रिडने डोळ्यांना दिसणारा क्रम बदलतो, वाचला जाणारा क्रम मूळ एचटीएमएलमधलाच राहतो.

मराठी पानांत आणखी एक गोष्ट नेहमी राहून जाते. तयार साचा उचलला की भाषेचा संकेत इंग्रजीचाच राहतो आणि स्क्रीन रीडर मराठी मजकुराला इंग्रजी आवाज लावू पाहतो. तिथे ‘एमआर’ हा मराठीचा संकेत दिल्यास उच्चाराला योग्य आवाज निवडता येतो, शिवाय ज्या फाँटांत सोय आहे त्यांत ‘ल’ आणि ‘श’ ही अक्षरे मराठी वळणाची दिसतात.