दिवाणखान्यात पडलं, थिएटरात चाललं: ‘द नेकेड गन’ची पार्श्वभूमी

मार्च १९८२ मध्ये अमेरिकेच्या एबीसी वाहिनीवर ‘पोलीस स्क्वॉड!’ ही अर्ध्या तासाची विनोदी मालिका सुरू झाली आणि चार भागांतच गुंडाळली गेली. सहा भाग तयार होते. उरलेले दोन उन्हाळ्यात दाखवून मोकळे झाले. मालिका का बंद केली, यावर वाहिनीच्या मनोरंजन विभागाचे प्रमुख टोनी थोमोपुलोस यांनी दिलेलं कारण आजही सांगितलं जातं: तिची मजा घ्यायची तर प्रेक्षकाला ती बघावी लागते!

या कारणाची खूप टिंगल झाली. पण माझ्या मते त्यात तथ्य होतं. त्या काळी टीव्ही घरातली कामं उरकता उरकता कानांनीही ‘बघितला’ जायचा आणि कुठे हसायचं ते मागून येणारं ध्वनिमुद्रित हसू सांगायचं. इथे ते हसूच नव्हतं. विनोद पात्रांच्या पाठीमागे, कोपऱ्यात, दारावरच्या पाटीत घडायचा. प्रत्येक भागाच्या शेवटी चित्र गोठल्याचा आभास असायचा; प्रत्यक्षात नटच पुतळ्यासारखे उभे राहायचे. एकदा तर सगळे असे थिजलेले असताना कॉफी मात्र ओतली जातेय, कप भरून वाहतोय. मान खाली घालून भाजी निवडणाऱ्याला यातलं काय कळणार?

मालिकेचे कर्ते तिघे: डेव्हिड आणि जेरी झुकर हे भाऊ आणि त्यांचा मित्र जिम अब्राहम्स. तिघेही विस्कॉन्सिनमधल्या मिलवॉकीचे. १९८०च्या ‘एअरप्लेन!’मध्ये त्यांनी विनोदी नट टाळून गंभीर भूमिका करणारे नट घेतले आणि त्यांच्याकडून आचरट संवाद अगदी सरळ चेहऱ्याने म्हणवून घेतले. त्यातलाच एक लेस्ली नील्सन. मूळचा कॅनडाचा, वडील तिथल्या माउंटेड पोलीस दलात. पन्नाशी ओलांडेपर्यंत तो कप्तान, डॉक्टर, खलनायक अशाच भूमिका करत होता. मूकपटांच्या काळात कीस्टोन कंपनीचे पोलीस धडपडायचे आणि आपण धडपडतोय हे त्यांच्या चेहऱ्यावरही दिसायचं. ‘पोलीस स्क्वॉड!’चा नायक, नील्सनचा फ्रँक ड्रेबिन मात्र स्वतःला कर्तबगार अधिकारी समजतो. पन्नाशीच्या दशकातल्या ‘एम स्क्वॉड’सारख्या करड्या पोलीसमालिकांचं विडंबन त्यामुळेच इतकं नेमकं बसलं. मालिका बंद पडली, तरी नील्सनला एमी पुरस्काराचं नामांकन मिळालं.

डिसेंबर १९८८ मध्ये हाच ड्रेबिन ‘द नेकेड गन’मधून मोठ्या पडद्यावर आला. त्यातला एक प्रसंग बघा. पत्रकार परिषद चालू असताना ड्रेबिन स्वच्छतागृहात जातो, कोटाला लावलेला माइक बंद करायला विसरतो, आणि इकडे महापौरबाई बोलत असताना आतले सगळे आवाज सभागृहभर घुमतात. विनोद साधा आणि पोरकट, पण लांबवलेला. अंधारात शेजारचा हसतो, मग आपण हसतो, त्या नादात पुढचा विनोद निसटतो, म्हणून लोक पुन्हा तिकीट काढतात. घरात जे लक्ष मिळालं नव्हतं, ते थिएटरने मिळवून दिलं. एकट्या उत्तर अमेरिकेत चित्रपटाने सुमारे ७.८ कोटी डॉलर कमावले. १९९१ आणि १९९४ मध्ये आणखी दोन भाग आले. ते मला पहिल्याइतके घट्ट वाटत नाहीत.

तिन्ही चित्रपटांत हवालदिलपणे मार खाणारा ड्रेबिनचा पोलीस सहकारी नॉर्डबर्ग साकारला होता अमेरिकन फुटबॉलपटू ओ. जे. सिम्पसनने. जून १९९४ मध्ये त्याच्यावर पूर्वपत्नी आणि तिच्या मित्राच्या खुनाचा आरोप आला. १९९५ मध्ये फौजदारी खटल्यात तो निर्दोष सुटला, पण त्याची ती दृश्यं बघताना पूर्वीसारखं निखळ हसू येईना.

नील्सन २०१० मध्ये गेला. ऑगस्ट २०२५ मध्ये नवा ‘द नेकेड गन’ आला तेव्हाही मुख्य भूमिकेसाठी विनोदी नट घेतला नाही. ड्रेबिनचा मुलगा झाला मारधाडपटांतला लियम नीसन. त्यात पोलिसांची मुलं आपापल्या वडिलांच्या तसबिरीपुढे उभी राहून गहिवरतात. नॉर्डबर्गचा मुलगाही तसबिरीकडे बघतो, मग कॅमेऱ्याकडे वळतो आणि नुसती नकारार्थी मान हलवतो.