भातानंतर हरभरा टाकताय? मग आधी बियाण्याकडे बघा

भात कापून झालं की कोकणात खाचरात काय पेरायचं ते ठरलेलंच असतं, वाल नाहीतर कुळीथ नाहीतर चवळी, हरभरा म्हणजे घाटावरचं पीक असं आपण धरूनच चालतो. तरी उरलेल्या ओलीवर हौसेने हरभरा टाकणारे आहेत आणि त्यातले बरेच जण पिशवीतलं बी तसंच मातीत टाकतात, घोळ होतो तो इथे.

हवेतला नत्र मिळवून देणारे रायझोबियम जिवाणू हरभऱ्याला त्याचे स्वतःचेच लागतात, वालाच्या मुळांवर गाठी करणारे त्याला चालत नाहीत. ज्या खाचरात हरभरा कधी झालाच नाही आणि पावसाळाभर पाणी तुंबलेलं, तिथे ते असणार कुठून? म्हणून बियाण्यालाच चिकटवून पाठवायचे.

त्याआधी बी रात्री ८ तास पाण्यात ठेवून, वरची ओल सुकवून घेतलं तर अजून बरं. बांगलादेशात बरिंद भागात भातानंतरच्या हरभऱ्यावर हे करून बघितलंय, उगवण लवकर होते आणि माती वरून कडक व्हायच्या आत मुळं खाली जातात.

मग क्रम पाळायचा. मर रोगाची फ्युजेरियम बुरशी जमिनीत वर्षानुवर्षं टिकते, म्हणून पहिला हात ट्रायकोडर्माचा (रोगाच्या बुरशीला मारणारी मित्रबुरशी), किलोला ५ ग्रॅम. रासायनिक बुरशीनाशक वापरणार असाल तर तेही आधीच, जिवाणू कायम शेवटी. गूळ पाण्यात उकळायचा, पूर्ण गार करायचा (कोमटसुद्धा नको), त्यात १० किलो बियाण्यामागे रायझोबियमचं २५० ग्रॅमचं पाकीट आणि तेवढंच पीएसबी (स्फुरद म्हणजे फॉस्फरस विरघळवून देणारे जिवाणू). आपल्या लाल जांभ्या मातीत लोह आणि ॲल्युमिनियम स्फुरद धरून बसतात, त्यामुळे पीएसबीला कंजुषी नको. मिश्रण शिंपडून हलक्या हाताने चोळा, साल निघता कामा नये, दाण्यावर काळपट लेप बसला की सावलीत गोणपाटावर पसरा आणि त्याच दिवशी पेरा. उन्हात वाळवलंत तर जिवाणू मेलेच समजा, आणि पाकिटावरची तारीख बघून घ्या, दुकानात तापलेल्या पत्र्याखाली पडलेलं कल्चर फुकट मिळालं तरी घेऊ नये.

महिना-सव्वा महिन्याने एखादं रोप मुळासकट काढून गाठ नखाने फोडा. आत गुलाबी-लालसर दिसलं तर नत्राचं काम चालू आहे, पांढरट किंवा हिरवट असेल तर नाही. गुलाबी दिसल्यावर उगाच वरून युरिया मारू नका, आयता नत्र मिळाला की झाड गाठींना पोसत नाही.