बोटीची लांबी कुठे मोजायची?

लांब पल्ल्याच्या सफरीसाठी बांधलेल्या दोन शिडाच्या बोटी घेऊ. एक आहे 1970 च्या दशकात गाजलेली, डेव्हिड सॅडलर यांनी आखलेली ब्रिटिश ‘काँटेसा 32’. दुसरी फ्रान्सच्या बेनेतो कंपनीची ‘ओशियानिस 46.1’, 2018 ची. काँटेसाची लांबी 9.75 मीटर आणि रुंदी 2.9 मीटर. ओशियानिसचा सांगाडा 13.65 मीटर लांब आणि 4.5 मीटर रुंद. म्हणजे नवी बोट जुनीच्या दीडपटीहूनही कमी लांब. फरक तेवढाच असता तर हा लेख लिहायची गरज नव्हती.

खरी गोम पाण्याच्या पातळीवर आहे. काँटेसाची दोन्ही टोके पाण्याबाहेर तिरकी झेपावतात, त्यामुळे शांत पाण्यात तिची जलरेषा, म्हणजे पाण्याच्या पातळीवर मोजलेली लांबी, भरते जेमतेम 7.3 मीटर. ओशियानिसचे पुढचे टोक जवळजवळ उभे कापलेले, मागची बाजूही तशीच. जलरेषा सुमारे 13.2 मीटर. इथे नवी बोट 1.8 पट लांब ठरते, आणि समुद्राला हीच लांबी कळते.

कारण बोट चालताना स्वतःच लाट उठवते. वेग वाढला की लाटेची लांबीही वाढते. ती जलरेषेइतकी झाली की बोट आपल्याच लाटेच्या खळग्यात अडकते आणि पुढे जायला तिला जणू चढ चढावा लागतो. जहाजांच्या प्रतिकृती टाकीत ओढून विल्यम फ्रूड यांनी एकोणिसाव्या शतकात या अभ्यासाचा पाया घातला. आजचा ढोबळ नियम असा: मीटरमधल्या जलरेषेचे वर्गमूळ काढून 2.43 ने गुणले की ही अडचण जिथे सुरू होते तो वेग नॉटमध्ये, म्हणजे ताशी सागरी मैलांत, मिळतो. काँटेसासाठी तो साधारण 6.6 येतो, ओशियानिससाठी 8.8. (काँटेसा वाऱ्याने कलली की तिची तिरकी टोके पाण्यात उतरून जलरेषा थोडी वाढते, हे तिच्या बाजूने सांगायला हवे.) 2,700 सागरी मैलांचा महासागर सरासरी 5 नॉटने ओलांडायला साडेबावीस दिवस लागतात, 7 नॉटने सोळा. या साडेसहा दिवसांचे पाणी, अन्न आणि जागरण वाचते.

आता वजन. काँटेसा सुमारे 4.3 टन, ओशियानिस रिकामी सुमारे 10.6 टन. मोठी बोट जड, असे वाटेल. पण काँटेसाचा आकार तसाच ठेवून तिची जलरेषा 13.2 मीटर होईपर्यंत ती ताणली, तर वजन घनाच्या पटीत वाढून 25 टनांवर जाईल. त्या मानाने ओशियानिस निम्म्याहूनही हलकी आहे. हलकी आणि तळाला चपटी असल्यामुळे जोराच्या वाऱ्यात ती स्वतःची लाट मागे टाकून घसरू शकते. काँटेसाला ते सहसा जमत नाही. उलट समोरून उंच लाटा आल्या की तो चपटा तळ धाडधाड आपटतो. लाटांतल्या हेलकाव्यांचा अंदाज देणारे, बोटींचे आराखडे करणाऱ्या टेड ब्रूअर यांचे एक सूत्र आहे; त्यांनी ते अर्धवट थट्टेनेच मांडले होते. त्यात काँटेसाला साधारण 28 गुण मिळतात, जवळपास अडीचपट वजनाच्या ओशियानिसला 23. जास्त गुण म्हणजे संथ हेलकावे.

मग वादळात कोणती बरी? जुन्या बोटींचे चाहते इथे शिडाच्या बोटींच्या 1979 च्या फास्टनेट सागरी शर्यतीचा दाखला काढतात. 303 बोटी निघाल्या, वादळात 15 स्पर्धकांचा जीव गेला, 5 बोटी बुडाल्या. सर्वांत लहान बोटींच्या गटातून शर्यत पुरी करणारी एकच, ‘असेंट’ नावाची काँटेसा 32. एका बोटीवरून सिद्धांत मांडू नये, पण तिच्या आकारामागचे गणित पक्के आहे. काँटेसाच्या वजनापैकी जवळपास निम्मे वजन खाली कीलमध्ये, म्हणजे तळाखालच्या जड पात्यात, असते. ती लवकर कलते, पण सुमारे 155 अंशांपर्यंत कलंडली तरी सरळ होऊ पाहते. ओशियानिससारख्या रुंद बोटी रुंदीच्या जोरावर ताठ उभ्या राहतात; मात्र रुंद फळीसारखे त्यांचे असते, पालथी पडली तर तशीच राहायलाही ती राजी. आजच्या अशा बोटींत ही मर्यादा बहुधा 110 ते 125 अंशांच्या आसपास असते.

म्हणून नवी बोट धोक्याची, असे म्हणणे मला घाईचे वाटते. बोटीला उलथवायला फुटती लाट लागते, आणि प्रतिकृतींवरच्या चाचण्यांनुसार बोटीच्या लांबीच्या सुमारे 30 टक्के उंचीची लाट आडवी आदळली तर धोका सुरू होतो. काँटेसासाठी ही उंची 2.9 मीटर, ओशियानिससाठी 4.1 मीटर. 4.1 मीटरच्या लाटा 2.9 मीटरच्या लाटांपेक्षा बऱ्याच दुर्मीळ. खुल्या महासागरासाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकातही हा हिशेब आहे: 130 मधून टनांतल्या वजनाची दुप्पट वजा करायची, तेवढ्या अंशांपर्यंत बोट सावरली पाहिजे, आणि ही मर्यादा कधीच 100 च्या खाली जाता कामा नये. 10.6 टनांच्या बोटीला त्यामुळे 109 पुरतात, 4.3 टनांच्या बोटीला 121 लागतात. जे काँटेसा आकारातून कमावते, त्यातले बरेचसे ओशियानिस नुसत्या मोठेपणातून मिळवते. बरेचसे, सगळे नाही.

उरते सामान. लांबच्या सफरीला निघताना पाणी, डिझेल, अन्न, सुटे भाग मिळून एक टन सहज होतो. काँटेसासाठी तो तिच्या वजनाचा जवळपास चौथा हिस्सा. माझ्या ढोबळ हिशेबाने ती आठेक सेंटीमीटर खाली बसेल. ओशियानिस तीनेक सेंटीमीटरच बसेल. पण तिच्या पोटात जागा इतकी की कपाटे रिकामी बघवत नाहीत. तीन टन चढवले, की हलकेपणाच्या जोरावर लाटेवरून घसरण्याची वर सांगितलेली करामत विसरावी लागते.