‘द लाइटहाउस’: स्मॉल्सच्या खडकावरून पडद्यावर

दिग्दर्शक रॉबर्ट एगर्सच्या ‘द लाइटहाउस’ची (२०१९) गोष्ट दोन ओळींत संपते. १८९०च्या दशकातलं न्यू इंग्लंडच्या किनाऱ्यावरचं ओसाड बेट, आणि दिवा सांभाळायला आलेले दोघे: मुरलेला म्हातारा विलेम डफो आणि त्याच्या हाताखाली राबणारा रॉबर्ट पॅटिन्सन. चार आठवड्यांची पाळी संपते, वादळ सुटतं, बदलीची बोट येत नाही, आणि दोघांची डोकी फिरत जातात. सिनेमा पाहिलेला माणूस हमखास विचारतो, हे खरं घडलं होतं का? निम्मं घडलं होतं. आणि ते निम्मं सिनेमाइतकंच अंगावर येतं.

आपल्या कोल्हापूरकरांची दीपगृहाशी गाठ पडते ती घाट उतरून कोकणात गेल्यावर, रत्नागिरीला किंवा देवगडच्या किल्ल्यावर. समुद्र बघायचा, फोटो काढायचे, मग मासे खायला जायचं. तो दिवा रोज लावणाऱ्याचे दिवस कसे जात असतील, हे सहसा डोक्यात येत नाही. या सिनेमाची मुळं नेमकी तिथे आहेत.

वेल्सच्या पेंब्रोकशायर किनाऱ्यापासून तीसेक किलोमीटर आत, भर समुद्रात, स्मॉल्स नावाचे खडक आहेत. हेन्री व्हाइटसाइड या लिव्हरपूलच्या माणसानं १७७६च्या सुमारास तिथे दीपगृह उभं केलं. हा मूळचा वाद्यं बनवणारा. लाटा खालून निघून जाव्यात म्हणून त्यानं ओकच्या जाड खांबांवर लाकडी खोली बसवली, शेतात राखणीला माळा घालतात तशी. युक्ती चांगली होती, पण वादळात अख्खी खोली हलायची. १७७७च्या सुरुवातीला खुद्द व्हाइटसाइडच तिथे अडकला. शिधा संपत आला तेव्हा त्यानं मदतीची चिठ्ठी बाटलीत घालून समुद्रात सोडली होती.

पुढे १८०१च्या सुमारास तिथे दोन राखणदार होते, थॉमस हॉवेल आणि थॉमस ग्रिफिथ. दोघांचं पटत नाही, हे किनाऱ्यावर सगळ्यांना ठाऊक. त्यात ग्रिफिथ मेला. हॉवेल पेचात पडला. मढं समुद्रात टाकावं तर लोक म्हणणार, यानंच मारला. खोलीत ठेवावं तर कुजणार. मग त्यानं खोलीच्याच फळ्या काढून पेटी ठोकली, मढं त्यात घातलं आणि पेटी बाहेर बांधून ठेवली. वादळानं ती फोडली. एक हात मोकळा होऊन लोंबकळू लागला. वारा सुटला की तो खिडकीशी हलायचा, ‘ये’ म्हणून बोलावल्यासारखा. समुद्र इतका खवळलेला की कितीतरी दिवस बोटीला खडकाशी लागता येईना. सुटका झाली तेव्हा हॉवेल त्याच्या ओळखीच्यांनाही ओळखू येईना, असं सांगतात. आणि एवढ्या काळात त्यानं दिवा विझू दिला नाही, लांबून बघणाऱ्यांना तो नेमानं लागलेला दिसत होता. मला या साऱ्या हकिकतीत हीच गोष्ट सर्वांत भयंकर वाटते. माणूस आतून मोडत होता आणि काम चोख चाललं होतं.

यानंतर ब्रिटनमध्ये अशा ठिकाणी दोनऐवजी तीन राखणदार ठेवायची पद्धत आली. एक मेला तरी साक्षीला दुसरा असावा, हा साधा हिशेब. (१९००च्या डिसेंबरात स्कॉटलंडच्या फ्लॅनन बेटावरून तिघेच्या तिघे नाहीसे झाले, ते आजवर सापडले नाहीत.) एकांताखेरीज पाऱ्याचाही धोका होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून दिव्याची भलीमोठी भिंगं पाऱ्यावर तरंगती ठेवून फिरवत, आणि पाऱ्याची वाफ मेंदूला घातक असते.

सिनेमाची सुरुवात मात्र एका अपुऱ्या कथेपासून झाली. अमेरिकन लेखक एडगर ॲलन पो १८४९ साली वारला, तेव्हा त्याच्या कागदांत दीपगृहातल्या राखणदाराची रोजनिशी निघाली. तिच्यात १, २ आणि ३ जानेवारीच्या नोंदी आहेत. ४ जानेवारी ही तारीख लिहिलेली आहे आणि तिच्यापुढे काहीच नाही. एगर्सचा भाऊ मॅक्स या कथेवर पटकथा लिहीत होता. पुढे दोघं मिळून लिहू लागले तेव्हा पो मागे पडला आणि स्मॉल्सचे दोन थॉमस पुढे आले.

आता चित्रणाविषयी, कारण तो धागा थेट आपल्या गावाशी जुळतो. छायालेखक जॅरिन ब्लाश्केनं हा सिनेमा ३५ मिमी कृष्णधवल फिल्मवर, जुन्या भिंगांतून घेतला आणि कॅमेऱ्यापुढे मुद्दाम बनवून घेतलेला फिल्टर लावला. हेतू असा की चित्र ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मसारखं यावं. मूकपटांच्या काळात हीच फिल्म चालायची. तिला तांबडा रंग दिसत नाही. निळं आकाश पांढरंफटक पडतं आणि लाल ते सगळं काळं होतं. कपाळावरचं कुंकू काळं, ओठ काळे, उन्हानं रापलेल्या गालांवरचा प्रत्येक डाग गडद. पॅटिन्सनचा चेहरा सिनेमात मळलेला, सोललेला दिसतो तो त्यामुळे.

बाबूराव पेंटरांनी १९१८च्या सुमारास कोल्हापुरात महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, स्वतः कॅमेरा तयार केला आणि १९२० साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला, तो याच फिल्मचा जमाना. कोणता रंग पडद्यावर काय होऊन येईल, हे ओळखूनच कपडे आणि रंगभूषा ठरवावी लागे. बाबूराव मूळचे चित्रकार, त्यांची नजर इथे किती कामी आली असेल! खरी कॉर्नरच्या कॅमेरा स्तंभावरून आपण रोज जातो. ज्या कलेची ती खूण आहे, ती कला एका अमेरिकन छायालेखकाला शंभर वर्षांनी घाम गाळून पुन्हा शिकावी लागली, याचा मला मनापासून अभिमान वाटतो. त्याला त्यासाठी ऑस्करचं नामांकनही मिळालं.

सिनेमाच्या चित्राची चौकट १.१९ : १ (रुंदी : उंची), म्हणजे जवळजवळ चौरस. बोलपट नवे होते तेव्हा फिल्मच्या कडेला ध्वनीची पट्टी आली, चित्राची रुंदी घटली आणि हा आकार काही वर्षं चालला. इथे त्या चौकटीत दोन चेहरे मावतात आणि हलायला जागा उरत नाही. म्हणून हा सिनेमा मोबाइलवर बघू नका. मोठा पडदा आणि पूर्ण अंधार हवा. भोंग्याचा आवाज छातीत घुमेल असे स्पीकरही हवेत, कारण धुक्यात सतत वाजणारा तो भोंगा या सिनेमातला तिसरा माणूस आहे.