पार्श्वभूमी : कामगाराला सुचतं ते कागदावर कुणाच्या नावाने येतं?

औरंगाबादच्या हिमरू या नक्षीदार कापडाच्या जुन्या मागावर दोऱ्यांचा 'जाला' टांगलेला असायचा. विणकाम सुरू होण्याआधीच सगळी नक्षी त्यात बांधून ठेवलेली असे. सुचलेलं टिपून ठेवायची सोय मागातच होती.

कारखान्यात सुचतं मशीनवरच्या माणसाला आणि नोंद होते ऑफिसात. स्कॉटलंडमधल्या एका जहाजबांधणी कारखान्याने १८८० मध्ये कामगारांच्या कल्पनांना बक्षीस द्यायला सुरुवात केली. जपानमधल्या एका मोटार कंपनीने अमेरिकेतली अशी योजना पाहिली आणि १९५१ मध्ये आपली सुरू केली. क्वालिटी सर्कल, म्हणजे कामातल्या अडचणी सोडवायला बसणारे कामगारांचे छोटे गट, जपानमध्ये १९६२ ला आलं, भारतात १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला. वाळूजचा दुचाकीचा मोठा कारखाना १९८५ चा. त्याला सुटे भाग पुरवणारी शेडं आजूबाजूला वाढली, तेव्हा सूचनापेटीही त्यांच्याबरोबर आली.

पण मराठीत 'सूचना' दोन्ही बाजूंनी चालते. फलकावर लागते ती वरून खाली आलेली सूचना, म्हणजे हुकूमच. पेटीत टाकायची ती खालून वर जाणारी. शब्द एकच असल्यामुळे साहेबाला सूचना करणं म्हणजे आगाऊपणा, असं कित्येकांना वाटे. 'कल्पना'ही कामाची नाही, कारण 'साहेबांना कल्पना दिली' म्हणजे नुसतं कळवलं. त्यात बऱ्याच ठिकाणी पेटीवर 'सूचना व तक्रार' असं एकत्र लिहिलेलं. आपल्याला तक्रारखोर म्हणतील या भीतीने चांगली डोकी पेटीकडे फिरकलीच नाहीत. म्हणून 'कायझेन' हा परका शब्द इथे चटकन रुजला. त्याला कसलाच जुना वास नव्हता.

जपानीत त्याचा अर्थ नुसता सुधारणा. आपल्याकडे मात्र ती मोजायची वस्तू झाली. 'या महिन्यात किती कायझेन झाली?' माणशी महिन्याला एक, कुठे दोन, असं टार्गेट लागलं आणि ते वार्षिक मूल्यमापनाला जोडलं गेलं. या निर्णयावर अजून वाद आहे. आकडा नसता तर कुणी लिहिलंच नसतं, असं व्यवस्थापनाची बाजू घेणारे म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे. टार्गेट आल्यावर गप्प बसणारेही लिहू लागले. पण ग्राहक कंपनीच्या ऑडिटच्या आदल्या दिवशी एका बैठकीत कायझेनचे वीस-वीस फॉर्म, म्हणजे शीट, भरताना मी पाहिली आहेत. त्यात जुनाच रॅक नव्याने रंगवल्याचा फोटो असायचा. माझ्या मते आकड्याने नोंद वाढवली आणि तिच्यावरचा विश्वास घालवला.

एक शीट मात्र विसरता येत नाही. डावीकडे 'आधी', उजवीकडे 'नंतर'. प्रेसमधून निघालेला पार्ट पत्र्याच्या घसरगुंडीवरून बिनमध्ये पडायचा आणि त्याला डेंट यायचा. फुलंब्रीकडून रोज येणाऱ्या एका पोराने सायकलची जुनी ट्यूब कापून घसरगुंडीच्या टोकाला तारेने बांधली. खर्च शून्य, डेंट बंद. शीटवर नाव लागलं सुपरवायझरचं. सुपरवायझर वाईट माणूस नव्हता. पोरगा ठेकेदाराचा होता, आणि शीटवर कंपनीचा टोकन नंबर, म्हणजे कंपनीच्या स्वतःच्या कामगाराचा क्रमांक, लागत होता.

२०१६ नंतर स्टार्टअपचं वारं आलं, राज्याचं स्टार्टअप धोरण २०१८ मध्ये आलं. शहरातल्या उद्योजकांनी नव्या उद्योगांना सुरुवातीला हात देणारं इन्क्युबेशन केंद्र उभं केलं. तिथे नवउद्योजकाची कल्पना त्याच्याच नावाने नोंदली जाते, ही मोठी गोष्ट आहे. १९५१ ची योजना ज्या जपानी कंपनीची, तिच्याच भारतातल्या कंपनीने २०२४ मध्ये इथल्या कारखान्यासाठी राज्य सरकारशी सामंजस्य करार केला. त्यामुळे जुन्या कारखान्यांतही कायझेनची नव्याने उजळणी सुरू आहे. मी अलीकडे पाहिलेल्या एका शेडमध्ये पेटीच्या जागी क्यूआर कोड लावला आहे. मोबाइलवर फॉर्म उघडतो, फोटो टाकता येतो, मराठीत लिहिता येतं. पहिलाच रकाना टोकन नंबरचा आहे आणि तो भरल्याशिवाय पुढचं पान येत नाही.